गाडीच्या स्टिरिओतला 'सूंऽऽ' आवाज: मुळापर्यंत कसं पोचायचं

गाणं लावलं की त्याच्या मागे एक बारीक 'सूंऽऽ' ऐकू येतो. ॲक्सिलरेटर दाबला की चढतो, पाय काढला की उतरतो. मी इंदूरमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. ही तक्रार घेऊन गाडी येते तेव्हा डॅशबोर्डखाली बहुतेक वेळा एखादा नॉइज फिल्टर आधीच लोंबत असतो. छोटी ग्वालटोलीच्या बाजारातून आणलेला, टेप गुंडाळून बसवलेला. आवाज मात्र जिथल्या तिथे. कारण आवाज कुठून शिरतोय हे पाहायच्या आधीच सामान खरेदी झालेलं असतं.

हे काम घरच्या घरी होतं. महागडं यंत्र लागत नाही. एक मोकळा रविवार आणि क्रम पाळायची तयारी लागते. एकाच दिवशी अर्थिंग (वीज बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी बॉडीशी जोडणी) बदललं, केबल बदलली, फिल्टरही लावला आणि आवाज गेला, तरी तो कशामुळे गेला ते कळत नाही. मग पहिल्या पावसात तो परत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला, ऐका, लिहून ठेवा, मग पुढे जा.

खालचा क्रम बाहेरून अँप्लिफायर (अँप) बसवलेल्या गाडीसाठी आहे. तुमच्याकडे नुसता स्टिरिओ आणि चार स्पीकर असतील तर टप्पा १ आणि २ करून थेट टप्पा ५ वर या; त्यातलं ५.१ अँपवाल्यांसाठी आहे, ते सोडा.

तयारी: सामान आणि जागा

डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, टॉर्च, मास्किंग टेप, पेन आणि कागद. शिवाय तीन वस्तू अशा, ज्या लोकांकडे नसतात आणि ज्यांच्यावाचून काम अडतं:

- ४ ते ५ मीटर लांब वायर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप. मीटरची पिन बॅटरीपासून डिकीपर्यंत पोचवायला हीच लागते.
- दोन शॉर्टिंग प्लग. साधे आरसीए प्लग (स्टिरिओ आणि अँप जोडणाऱ्या केबलच्या टोकाचे गोल प्लग) घ्यायचे, आतली मधली पिन आणि बाहेरचं कडं वायरच्या तुकड्याने जोडायचं. महाराणी रोडवर प्लग सुटे मिळतात, डाग द्यायला (सोल्डर करायला) पाच मिनिटं लागतात.
- फोनला लागणारी ३.५ मिलिमीटर ते आरसीए केबल. फोनला तसं भोक नसेल तर त्याचा जोड, किंवा एखादा जुना फोन.

गाडी उघड्यावर उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तासभर काम करू नका, धूर जिवावर बेतू शकतो. पार्किंगमध्ये डोक्यावर ट्यूबलाइट किंवा शेजारी इन्व्हर्टर असेल तर तिथून गाडी हलवा. रेडिओ तपासताना ते फसवतात.

सावधान: अँपची जाड लाल वायर बॅटरीपासून जिथे निघते, तिथून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत तिला फ्यूज आहे का ते आधी पाहा. नसेल तर आवाजाचा शोध बाजूला ठेवा आणि फ्यूज बसवा. ती वायर बॉनेटच्या पत्र्यावर घासून उघडी पडली तर फ्यूजशिवाय गाडी पेटते.

सावधान: पुढच्या सीटखाली पिवळ्या आवरणाचे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅग आणि सीटबेल्टचे असतात. त्यांना मीटर लावायचा नाही, ते काढायचेही नाहीत. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी केबलच्या वाटेला जाऊ नका.

टप्पा १: ऐका आणि लिहा

सगळे लोक हा टप्पा गाळतात, आणि निम्मं निदान इथेच होतं. कागदावर रकाने आखा: इंजिन बंद, इंजिन सुरू, साधारण २,५०० आरपीएम. प्रत्येक वेळी रेडिओ, ब्लूटूथ, यूएसबी आणि ऑक्स (केबलने जोडलेला फोन) असे सगळे स्रोत लावून पाहा. मग गाणं थांबवून हेडलाइट, ब्लोअर, वायपर, इंडिकेटर, ब्रेक, मागची काच गरम करणारं बटण एकेक करून चालू-बंद करा. आवाज बदलला की लिहा.

सगळ्यात मोलाची चाचणी साधी आहे. गाणं थांबवा आणि स्टिरिओचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. 'सूंऽऽ' तेवढाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढे शिरतोय, म्हणजे स्टिरिओच्या मागच्या आउटपुटपासून अँप-स्पीकरपर्यंत कुठेतरी. व्हॉल्यूमबरोबर तोही कमी-जास्त झाला तर तो व्हॉल्यूमच्या आधी शिरतोय: अँटेना, ऑक्स, फोनचा चार्जर. एवढ्यावरून अर्धी गाडी उघडायची वाचते.

आता आवाजाची जात ओळखा.

इंजिनबरोबर सूर चढतो-उतरतो, तो अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) आवाज. पण म्हणून अल्टरनेटर बिघडलाय असं नाही. चांगल्या अल्टरनेटरच्या विजेतही थोडी लहर असतेच. अर्थिंग कच्चं असलं की ती गाण्यात मिसळते. अल्टरनेटर बदलून आलेली गाडी त्याच आवाजासह परत आलेली मी पाहिली आहे.

इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी 'टिक-टिक-टिक' पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत बहुधा स्पार्कची असते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे डिझेल गाडीत टिकटिक आली तर इग्निशनवर वेळ घालवू नका. इंजेक्टरची वायरिंग किंवा बाहेरून लावलेलं एखादं उपकरण पाहा.

इंजिन बंद असतानाही सलग 'हिस्स' येते, तिचा विजेच्या गडबडीशी संबंध नसतो. अँपचा गेन (स्टिरिओकडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) जास्त ठेवलेला असतो. थेट टप्पा ८ वर जा.

ब्लोअरच्या वेगाबरोबर 'घूंऽऽ' बदलतो किंवा इंडिकेटरच्या प्रत्येक झटक्याला 'टक्' येतं, तेव्हा त्या मोटरचं किंवा रिलेचं अर्थिंग आणि तुमच्या स्टिरिओचं अर्थिंग एकाच कच्च्या बोल्टवर असण्याची शक्यता मोठी.

नुसत्या रेडिओवर खरखर आणि ब्लूटूथवर स्वच्छ, तर अँटेनाची बाजू. आणि फोन वाजायच्या क्षणभर आधी येणारी 'तड्-तड्-तड्' टू-जी नेटवर्कवरच्या फोनची असते. फोन स्टिरिओपासून आणि आरसीए वायरपासून हातभर दूर ठेवला की विषय संपतो.

टप्पा २: बॅटरी आणि मूळ अर्थिंग

बॉनेट उघडा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, पॉझिटिव्ह आधी लावा, निगेटिव्ह शेवटी. घट्ट म्हणजे हाताने पिळून अजिबात न हलणारं.

निगेटिव्हपासून निघालेली काळी केबल बॉडीला आणि इंजिनला जिथे बसते, ते दोन्ही बोल्ट शोधा. तिथला गंज मीटरला लगेच दिसत नाही, पण डोळ्यांना दिसतो. खोला, चकचकीत करा, कसा.

तपासा: इंजिन बंद करून काही वेळ गेल्यावर बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट. इंजिन सुरू असताना बहुतेक गाड्यांत १३.७ ते १४.५ व्होल्ट. काही नव्या गाड्या चार्जिंग स्वतःच कमी-जास्त करतात, तिथे आकडा हलता दिसला तर घाबरू नका. साध्या गाडीत १३.२ च्या खाली किंवा १५ च्या वर दिसलं तर आधी चार्जिंगचं काम करून घ्या.

टप्पा ३: साखळी मधोमध तोडा

स्टिरिओ, आरसीए केबल, अँप, स्पीकर अशी ही साखळी आहे. एका टोकापासून चाचपत जाण्यापेक्षा मधोमध तोडायची, आणि आवाज कुठल्या अर्ध्यात उरतो ते पाहायचं.

सावधान: आरसीए प्लग लावताना-काढताना स्टिरिओ आणि अँप दोन्ही बंद असलेच पाहिजेत. चालू अँपमध्ये प्लग खुपसला की जो धडाका बसतो त्याने ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जातो.

३.१. सगळं बंद करा. अँपच्या इनपुटमधून आरसीए काढा, तिथे शॉर्टिंग प्लग लावा. इंजिन सुरू करा, अँप चालू होऊ द्या, ऐका. आवाज आला तर तो अँपच्या वीजपुरवठ्यातून, अर्थिंगमधून किंवा स्पीकरच्या वायरमधून येतोय: टप्पा ४. गेला तर अँप निर्दोष, पुढे चला.

३.२. शॉर्टिंग प्लग काढून तिथे फोन जोडा, लांब केबल न वापरता, फोन थेट अँपशेजारी. फोन चार्जिंगला लावलेला नको, आणि गाडीच्या कुठल्याही लोखंडाला टेकलेला नको. गाणं स्वच्छ वाजलं तर दोष स्टिरिओत, त्याच्या अर्थिंगमध्ये किंवा गालिच्याखालच्या आरसीए केबलमध्ये.

३.३. आता एक सुटी आरसीए केबल घ्या, कुणाकडून मागून आणली तरी चालेल. ती गालिच्याखाली न घालता सरळ सीटवरून टाका, स्टिरिओपासून अँपपर्यंत. आवाज गेला तर जुनी केबल खराब आहे किंवा तिचा रस्ता चुकलाय. तसाच राहिला तर दोष स्टिरिओच्या बाजूला: टप्पा ५.

कंपनीचाच स्टिरिओ ठेवून स्पीकरच्या वायरीतून हाय-लो कन्व्हर्टरने अँपला सिग्नल दिला असेल, तर कन्व्हर्टरच्या अलीकडे आणि पलीकडे हीच चाचणी करा. स्वस्त कन्व्हर्टर पुष्कळदा तिथेच पकडला जातो. आणि स्टिरिओची स्पीकर-निगेटिव्ह वायर कधीही बॉडीला जोडू नका. हल्लीच्या बहुतेक स्टिरिओंत ती वायर अर्थ नसते; बॉडीला लावली की स्टिरिओच्या आतला आयसी (चिप) जळतो.

३.१ मध्ये आवाज आला असेल तर स्पीकरच्या वायरीही बघून घ्या. अँपकडून स्पीकर वायर काढून मीटरच्या ओहमवर एक पिन वायरला, दुसरी बॉडीला. कुठलाच आकडा येता कामा नये (मीटरवर 'OL' किंवा नुसता '1' म्हणजे जोड नाही). दिसलं तर दरवाजाच्या बिजागरीपाशी वायर चेपली आहे.

टप्पा ४: अँपचं अर्थिंग

माझ्याकडे आलेल्या 'सूंऽऽ' वाल्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडला आहे. आणि हाच दोष 'चेक केलंय, अर्थिंग ओके आहे' म्हणून सोडून दिलेला असतो, कारण तपासायची रीत चुकते.

लोक मीटर ओहमवर ठेवतात, एक पिन अँपच्या अर्थला, एक बॉडीला, आकडा ०.३ येतो, आणि खूश होतात. हा आकडा निरुपयोगी आहे. मीटरच्या स्वतःच्या पिनांचा अडथळाच तेवढा असतो. दहा तारांपैकी नऊ तुटल्या तरी उरलेल्या एका तारेवर ओहम तोच दिसतो. कस लागतो तो वीज वाहत असताना.

४.१. मीटर डीसी व्होल्टवर, लहानात लहान रेंज. लांब वायर वापरून काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर. लाल पिन अँपच्या अर्थ स्क्रूवर.

४.२. इंजिन सुरू, हेडलाइट चालू, आणि भरपूर बास असलेलं गाणं मोठ्याने. ढोलाच्या थापेबरोबर आकडा उडतो का ते बघा.

४.३. ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग उत्तम. ०.२ च्या आसपास असेल तर सुधारा. ०.३ च्या वर उडत असेल तर गुन्हेगार जवळजवळ हाती लागला.

राजेंद्रनगरच्या एका काकांची हॅचबॅक आठवते. अँप दुसऱ्यांदा बदललेला, फिल्टर दोन. मीटर लावला तर थापेगणिक ०.६. मागची सीट उचलली. अर्थ वायरचा थिंबल (टोकाला दाबून बसवलेली धातूची रिंग) बोल्टखाली नीट दाबलेला, पाना लावला तर हलेना. खोलल्यावर खाली गाडीचा निळा रंग शाबूत. पत्र्याला थिंबल टेकलेलाच नव्हता. जी काही वीज जात होती ती बोल्टच्या चार आट्यांमधून. रंग खरवडला, तोच बोल्ट परत लावला, आकडा ०.०४. दोन्ही फिल्टर काढून काकांच्या हातात दिले.

अर्थिंग नव्याने करताना:

- जागा अँपपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, बॉडीच्या जाड पत्र्यावर. अर्थ वायर लाल वायरइतकीच जाड.
- पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा खरवडा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. प्रायमरचा राखाडी थर म्हणजे धातू नव्हे.
- वायरला रिंगवाला थिंबल दाबून बसवा. क्रम: पत्रा, थिंबल, दातेरी वॉशर, नट.
- कसून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा. आतून नाही. मालव्यातल्या पावसात उघडा खरवडलेला पत्रा एका मोसमात गंजतो.

सावधान: सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगला वापरू नका, त्याच्याखाली थिंबल घातला की तो नीट कसला जात नाही, आणि अपघातात तोच जीव वाचवतो. नवीन भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच गाड्यांची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते.

आणखी एक इशारा, जो मला माझ्याच गाडीवर शिकावा लागला. अर्थ साफ करायला मी अँपचा निगेटिव्ह नट सोडला. मेन फ्यूज काढला नव्हता, आरसीए लागलेलीच होती, अँप चालू होता. नट सुटताच अँपची सगळी वीज परतीचा रस्ता म्हणून आरसीएच्या जाळीतून (केबलमधल्या बाहेरच्या तारांच्या आवरणातून) स्टिरिओत गेली. काही स्टिरिओंत या जाळीच्या रस्त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज बोर्डावरच डागलेला असतो. तो उडाला. तोपर्यंत नसलेला 'सूंऽऽ' त्या संध्याकाळपासून सुरू झाला. म्हणून अर्थला हात लावायच्या आधी मेन फ्यूज काढायचा, आरसीएही काढायची. दर वेळी.

टप्पा ५: स्टिरिओची बाजू

स्टिरिओ खाचेतून बाहेर ओढा. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंत पिवळी वायर कायमची १२ व्होल्ट, लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थ, निळी-पांढरी अँप चालू करणारी. कंपनीच्या वायरिंगचे रंग वेगळे असतात, तिथे रंगावर विश्वास न ठेवता मीटर लावा.

५.१. आरसीएच्या जाळीची चाचणी. सगळं बंद, आरसीए अँपकडून काढलेली. मीटर ओहमवर. एक पिन केबलच्या टोकाच्या बाहेरच्या कड्याला, दुसरी स्टिरिओच्या लोखंडी पेटीला, मधे लांब वायर. जवळजवळ शून्य यायला हवं. काहीच येत नसेल तर केबल काढून थेट स्टिरिओच्या मागच्या आरसीए सॉकेटवर मोजा. तिथे शून्य आलं तर केबलची जाळी तुटलीय. तिथेही काही नाही, तर आतला तो छोटा फ्यूज उडालाय असं समजा.

खात्री करायला आरसीएचं बाहेरचं कडं आणि स्टिरिओची पेटी एका वायरने तात्पुरतं जोडा. 'सूंऽऽ' एकदम बंद झाला तर निदान पक्कं. स्टिरिओ दुरुस्तीवाल्याकडून तो फ्यूज बदलून घ्या.

५.२. जाळी ठीक असेल तर काळी वायर. तिच्या जोडीला एक सुटी वायर स्टिरिओच्या पेटीपासून बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि ऐका. आवाज घटला तर कंपनीच्या वायरिंगमधला अर्थ कच्चा आहे. स्टिरिओला स्वतंत्र अर्थ द्या. सिगारेट लायटरच्या वायरीतून स्टिरिओची लाल किंवा काळी घेतलेली असेल तर ती तिथून सोडवा. त्याच वायरीवर फोनचा चार्जर, डॅशकॅम आणि मागच्या सीटचा पंखा असे तीन-तीन पाहुणे असतात.

५.३. फक्त ऑक्सवर आणि फक्त फोन चार्जिंगला लावल्यावर आवाज येतो? मग गाडी उघडू नका. चार्जरचा अर्थ आणि ऑक्सचा अर्थ मिळून वर्तुळ तयार झालंय. चार्जर काढून ऐका, गेला तर उत्तर मिळालं. ब्लूटूथ वापरा, किंवा ऑक्स केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हे वर्तुळ तोडणारा जोड) घाला. आयसोलेटरची खरी जागा हीच.

टप्पा ६: केबलचा रस्ता

३.३ मध्ये सीटवरची केबल स्वच्छ वाजली असेल तर हा टप्पा तुमचा आहे.

अँपची लाल वायर गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकाच पट्टीखाली समांतर नको. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात. ड्रायव्हरच्या पायाशी कंपनीच्या वायरिंगचा जाड गठ्ठा असतो, त्याच्याशी केबल टायने बांधलेली आरसीए नेहमी दिसते, सोडवा. उरलेली केबल अँपखाली भेंडोळं करून ठेवू नका. मापाची केबल घ्या, नाहीतर उरलेली लांबी अँपपासून दूर, सैल सोडा.

टप्पा ७: अल्टरनेटर आणि स्पार्क

इथपर्यंत आल्यावरच अल्टरनेटरवर संशय घ्यायचा. आतला डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला की विजेतली लहर वाढते, आणि ती मीटरवर दिसते.

७.१. आधी मीटरचीच परीक्षा. इंजिन बंद ठेवून मीटर एसी व्होल्टवर करा आणि बॅटरीला लावा. शून्य यायला हवं. मग पिना उलट करून लावा, तरीही शून्य. तीनशे-चारशे रुपयांचे काही मीटर एका बाजूने इथे २५-२८ व्होल्ट दाखवतात, कारण ते डीसी गाळून टाकत नाहीत. असा आकडा पाहून चांगला अल्टरनेटर भंगारात गेलेला आहे. तुमचा मीटर असा असेल तर या चाचणीपुरता दुसरा मागून आणा. एसीची रेंज २०० व्होल्टपासूनच सुरू होत असेल तरी तो इथे कामाचा नाही.

७.२. इंजिन सुरू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, आरपीएम दीड-दोन हजार. बॅटरीवर एसी मोजा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अल्टरनेटरला हात लावू नका. ०.५ च्या वर गेला तर डायोड तपासायला द्या. मधला आकडा आला तर बॅटरीची टोकं आणि अल्टरनेटरची अर्थ केबल पुन्हा एकदा बघून परत मोजा.

सावधान: इंजिन चालू असताना बॅटरीचं टोक काढून अल्टरनेटर 'चेक' करायची जुनी सवय अजून पुष्कळ हातांत आहे. करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), स्टिरिओ, अँप काहीही जाऊ शकतं. चालू इंजिनाच्या बेल्टजवळ ओढणी, सैल बाही, मीटरची लोंबती वायर येऊ देऊ नका.

टिकटिक असेल तर स्पार्क प्लग बघा. रेझिस्टर (ठिणगीचा गोंगाट दाबणारा आतला अडथळा) असलेलाच प्लग लागतो. प्लग बदलल्यानंतर टिकटिक सुरू झाली असेल तर बहुतेक साधा प्लग बसलाय. जुन्या गाडीत प्लगच्या जाड वायरी तडकतात. अंधारात बॉनेट उघडून, हात न लावता, इंजिन चालू असताना नुसतं बघा. निळी ठिणगी बाहेर पडताना दिसते. सीएनजी गाडीत एक सोपी खूण आहे: गॅसवर टिकटिक मोठी आणि पेट्रोलवर लहान, तर प्लग किंवा वायरीच. सीएनजीला पेट घ्यायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमजोर वायर तिथे आधी गळते.

टप्पा ८: उरलेले पाहुणे, गेन आणि फिल्टर

रेडिओची खरखर: स्टिरिओच्या मागून अँटेनाचा प्लग काढा. स्टेशन जाईलच, पण खरखरीचा विशिष्ट सूरही गेला तर ती अँटेनातून येत होती. मग प्लग परत लावून डॅशकॅम, यूएसबी चार्जर, बाहेरून बसवलेले एलईडी हेडलाइट एकेक करून बंद करा. ज्याच्यामुळे स्टेशन स्वच्छ होईल तोच दोषी. त्याच्या वायरीवर, त्याच्या अगदी जवळ, फेराइट क्लिप (वायरीभोवती बसणारी, गोंगाट शोषणारी चिमटी) लावा. नाही भागलं तर ते उपकरण बदला. छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी गंज असेल तर तोही काढा.

गेन: स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश ठेवा, बास बूस्ट बंद. अँपचा गेन शून्यापासून हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या आणि सोडून द्या. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. तो पूर्ण पिळून व्हॉल्यूम दहावर ऐकणाऱ्यांना हिस्स येणारच.

फिल्टर: आता, सगळ्या टप्प्यांनंतरही स्टिरिओच्या वीजपुरवठ्यातून थोडी लहर येत असेल, तर पिवळ्या वायरीवर स्टिरिओच्या फ्यूजपेक्षा जास्त अँपिअरचा फिल्टर लावा. अर्थिंगचं वर्तुळ हा फिल्टर तोडत नाही. आणि आरसीएमध्ये बसणारे स्वस्त आयसोलेटर वर्तुळ तोडतात खरे, पण बास खातात. आतला ट्रान्सफॉर्मर फारच लहान असतो.

टप्पा ९: बंद करण्याआधी

पट्ट्या आणि गालिचा बसवायच्या आधी गाडी फिरवून आणा. राजवाड्याच्या गर्दीत थांबत-चालत, ब्रेक आणि इंडिकेटर वापरत. मग बायपासवर सलग वेगाने. परत येताना हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू. टप्पा १ चा कागद शेजारच्या सीटवर ठेवा आणि प्रत्येक रकाना पुन्हा ऐका. एखादा आवाज खड्ड्यातच येत असेल तर कुठला तरी थिंबल किंवा प्लग सैल आहे. गाडी उभी करून वायरी एकेक हलवून पाहा.

सगळं शांत असेल तर गालिचा बसवा. गालिचा बसवताना स्क्रू आरसीएमधून जात नाही ना ते पाहा. मग अर्थिंगचा डीसी आकडा, अल्टरनेटरचा एसी आकडा आणि तारीख त्याच कागदावर लिहून तो ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा. पावसाळा संपला की टप्पा ४ ची मोजणी पुन्हा एकदा करा.